उरलेल्या खर्चाचं कार्ड

क्रेडिट कार्डाच्या जाहिरातीत एकदोन आकडे मोठ्या टायपात असतात. पाच टक्के अमुक वेबसाइटवर, दहा टक्के तमुक फूड ॲपवर, सिनेमाच्या एका तिकिटावर दुसरं फुकट. त्याच्या खाली बारीक अक्षरांत एक ओळ असते: ‘इतर सर्व खर्चांवर १ टक्का’, नाहीतर ‘दर १५० रुपयांमागे २ पॉइंट’. कार्ड निवडताना मी आधी ही ओळ वाचतो, मग वरचे आकडे. कारण घरातला बराचसा पैसा या ‘इतर सर्व’मध्येच जातो. स्कूटरचा टायर, आईचा चष्मा, दाताचं रूट कॅनाल, पडद्यांचं कापड, प्लंबरने चिठ्ठीवर लिहून दिलेला नळ, लग्नाच्या आहेराची साडी. यांतल्या एकाही गोष्टीला कुठल्या बँकेने लाडकी म्हटलेलं नाही. एखाद्या महिन्यात हीच मंडळी मिळून फूड ॲपच्या तिप्पट-चौपट बिल करतात.

बँक हे पैसे परत देते तरी कुठून? हजार रुपयांचं कापड घेऊन कार्ड स्वाइप केलं की दुकानदाराच्या खात्यात पूर्ण हजार जमा होत नाहीत. क्रेडिट कार्डाच्या व्यवहारात साधारण दीड ते अडीच टक्के कापले जातात. त्याला एमडीआर म्हणतात. त्यात वाटेकरी तीन: दुकानात मशीन देणारी बँक, व्हिसा-मास्टरकार्ड-रुपे यांसारखं नेटवर्क आणि तुमचं कार्ड काढून देणारी बँक. सर्वांत मोठा वाटा या शेवटच्या बँकेचा, आणि त्यातलाच एक तुकडा ती तुम्हाला कॅशबॅक किंवा पॉइंट म्हणून परत करते. म्हणजे कुठल्याही दुकानात, कुठल्याही वस्तूवर, कायमचे दोन टक्के देणं बँकेला जड जाणार हे साध्या वजाबाकीने कळतं. पाच आणि दहा टक्के येतात ते दुसऱ्या थैलीतून. ती वेबसाइट आपल्या जाहिरातीच्या बजेटमधून भर घालते, किंवा बँक नवं गिऱ्हाईक धरायला काही दिवस पदरचे घालते. म्हणून मोठ्या दरांना महिन्याची कमाल मर्यादा असते आणि ते अधूनमधून गुपचूप बदलतात.

साधा, सरसकट दरही बदलतो, पण त्यात अर्ध्या टक्क्याचा फरक झाला तरी बातमी होते. ॲक्सिस बँकेचं ‘एस’ कार्ड २०२० मध्ये गूगल पेच्या जोडीने आलं तेव्हा ‘इतर सर्व’ खर्चांवर २ टक्के देत होतं. वार्षिक फी ४९९ रुपये. आपल्याकडे एवढा सरळ आणि एवढा उदार दर तोवर फारसा कुणी दिला नव्हता. २०२४ मध्ये तो दीड टक्क्यावर आला. एसबीआय कार्डचं ‘कॅशबॅक’ कार्ड सप्टेंबर २०२२ मध्ये आलं. ऑनलाइन कुठेही खरेदी करा, ५ टक्के. दुकानात १ टक्का. महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंत कॅशबॅक मिळे. पुढच्याच मे महिन्यात ती मर्यादा पाच हजारांवर आणली. ॲमेझॉन पे आयसीआयसीआय कार्ड २०१८ पासून आहे. वार्षिक फी नाही, ॲमेझॉनबाहेर सर्वसाधारणपणे १ टक्का, आणि पॉइंटांची भानगड न ठेवता तो थेट ॲमेझॉन पे खात्यात. या तीन कार्डांचे आजचे दर बँकेच्या साइटवर जाऊनच बघावेत. इथे ती नावं घेतली ती या धंद्यात दर कसा जन्मतो आणि कसा झिजतो हे दाखवायला.

न्यू जर्सीतला चुलतभाऊ ठाण्यातल्या भावाला कार्डांचे सल्ले पाठवतो, तेव्हा एक मोठा घोळ होतो. अमेरिकेत बोनसचे रकाने म्हणजे किराणा, रेस्टॉरंट, पेट्रोल, प्रवास. त्याबाहेरच्या खर्चासाठी तिथे सरसकट दोन टक्के देणारं कार्ड ठेवायचं, हा सर्वमान्य शहाणपणा. सिटी बँकेचं ‘डबल कॅश’ २०१४ पासून हेच करतं: खरेदी केली की एक टक्का, बिल भरलं की आणखी एक. कॅशबॅकचा प्रघात तिथे त्याहून जुना आहे. सीअर्स कंपनीचं डिस्कव्हर कार्ड १९८६ मध्ये देशभर आलं ते कॅशबॅक घेऊनच. युरोपात हा खेळ जवळजवळ नाहीच, कारण २०१५ च्या कायद्याने कार्ड देणाऱ्या बँकेचा वाटा क्रेडिट कार्डासाठी ०.३ टक्क्यावर बांधून टाकला. जिथे बँकेलाच शंभरामागे ३० पैसे मिळतात, तिथे ती गिऱ्हाइकाला दीड रुपया कुठून देणार?

आपल्याकडे रकाने किराणा-पेट्रोलचे नाहीत, निदान मुख्यतः नाहीत. आपली खरी फाळणी ऑनलाइन आणि दुकान अशी आहे. ऑनलाइन खरेदीवर पाच टक्के देणारी कार्डं आहेत. चपला घालून लक्ष्मी रोडवर गेलात की त्याच कार्डावर एक टक्का, नाहीतर शून्य. म्हणून भारतात ‘बोनसबाहेरचा खर्च’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘बाजारात जाऊन केलेला खर्च’ असा होतो. हे एकदा ध्यानात आलं की काही खर्च फाळणीच्या पलीकडे नेता येतात. टायर दुकानात घेण्याऐवजी कंपनीच्या साइटवर पैसे भरून जवळच्या दुकानात बसवून घेता येतो. चष्म्याच्या साखळी दुकानांत ॲपवरून पैसे भरले की तो व्यवहार ऑनलाइन धरला जातो. बँकांची स्वतःची पोर्टलंही आहेत, जसं एचडीएफसीचं स्मार्टबाय. तिथून दुकानाचं गिफ्ट व्हाउचर जादा पॉइंटांवर घ्यायचं आणि दुकानात ते वापरायचं. यात पैसा आधीच अडकतो, व्हाउचरची मुदत संपते आणि पाच हजारांचं व्हाउचर हातात असलं की चार हजारांत भागणारी खरेदी पाच हजारांची होते. दाताच्या डॉक्टरला मात्र ऑनलाइन नेता येत नाही. गिरणीलाही नाही.

आता रकाना ठरवतो कोण, ते बघू. तुम्ही काय विकत घेतलं हे बँकेला कळत नाही. तिला कळतो चार आकडी कोड, मर्चंट कॅटेगरी कोड. प्रत्येक दुकानाला मशीन देताना तो चिकटवला जातो आणि त्यासाठी आयएसओ १८२४५ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. ५४११ म्हणजे किराणा आणि सुपरमार्केट, ५८१२ रेस्टॉरंट, ५९१२ औषधाचं दुकान, ५३११ डिपार्टमेंट स्टोअर, ५९४४ दागिने, ८२११ शाळा, ४९०० वीज-पाणी-गॅस. त्यामुळे गंमत अशी होते की तेच क्रोसिन गल्लीतल्या मेडिकलमधून घेतलं तर औषध ठरतं आणि रुग्णालयाच्या काउंटरवर घेतलं तर रुग्णालय. मोठ्या बहुमजली दुकानातून तांदूळ घेतला, पण त्या दुकानाचा कोड डिपार्टमेंट स्टोअरचा असेल, तर किराण्यावर पाच टक्के देणारं तुमचं कार्ड त्या तांदळाला ओळखत नाही. उलटही होतं: ज्या छोट्या दुकानदाराने मशीन घेताना फॉर्म नीट भरला नाही, त्याच्या नावावर भलताच धंदा लागलेला असतो.

या कोडांचा सर्वांत मोठा उपयोग बँका बोनस द्यायला नाही, रिवॉर्ड नाकारायला करतात. भारतातलं कार्ड निवडताना वाचायचा खरा कागद म्हणजे ही वगळलेल्या खर्चांची यादी. पेट्रोल त्यात जवळजवळ नेहमी असतं. एक टक्का फ्युएल सरचार्ज माफ होतो, पण पॉइंट नाहीत. वॉलेटमध्ये भरलेले पैसे, घरभाडं, विम्याचा हप्ता, वीजबिल, शाळेची फी, दागिने, सरकारी भरणा, ईएमआयमध्ये वळवलेली खरेदी, यांतलं काही ना काही प्रत्येक बँक वगळते, आणि यादी वर्षागणिक लांबत जाते. घरभाड्याचं उदाहरण बोलकं आहे. लोक भाड्याच्या नावाखाली भावाच्या खात्यात पैसे फिरवून पॉइंट गोळा करू लागले. बँकांनी आधी रिवॉर्ड काढून घेतले, आणि २०२२ च्या ऑक्टोबरपासून एका मोठ्या खासगी बँकेने भाड्यावर उलटी एक टक्का फी लावली. बाकीच्या मागोमाग आल्या. चोरवाटेने गेलेल्या थोड्यांमुळे खरोखर भाडं भरणाऱ्यांचाही रस्ता बंद झाला.

जाहिरातीतलं ‘इतर सर्व’ म्हणजे खरोखर सर्व नव्हे. बोनसचे रकाने आणि वगळलेले रकाने वजा करून जे उरतं, तेवढंच.

एक महिना हातात घेऊन बघू. आकडे समजण्यापुरते आहेत, पण पुण्या-नाशिकच्या चौघांच्या घराला अनोळखी वाटणार नाहीत. कार्डाचं बिल ४८,००० रुपये. त्यातलं पेट्रोल ४,५००, वीज-इंटरनेट-मोबाइल ४,०००, विम्याचा हप्ता ७,५००. हे १६,००० वगळलेल्या यादीत गेले असं धरा. आवडत्या शॉपिंग साइटवर ६,००० आणि फूड ॲपवर ४,००० हे बोनसचे. उरले २२,०००: किराणा ८,५००, औषधं २,७००, दाताचा डॉक्टर ४,०००, टायर ३,८००, शिंपी आणि हार्डवेअर मिळून ३,०००. जाहिरातीतले पाच टक्के शॉपिंग साइटवर मिळाले, तर ३०० रुपये येतात. आता उरलेल्या २२,००० वर पॉइंटवाल्या कार्डाने पाव टक्का दिला तर ५५ रुपये, एक टक्क्याने २२०, दीड टक्क्याने ३३०. म्हणजे ज्या ओळीकडे कुणी बघत नाही, तिच्यात पाव टक्क्याऐवजी दीड टक्का असेल, तर महिन्याला २७५ आणि वर्षाला ३,३०० रुपयांचा फरक. तीन हजारांनी कुणी श्रीमंत होत नाही, आणि त्यासाठी पाकिटात सहा कार्डं बाळगून काउंटरवर विचार करत उभं राहणं मला तरी वेडेपणाचं वाटतं. वर्षातून एक दुपार या हिशेबाला दिली तर मात्र तिची मजुरी वाईट नाही.

वर पाव टक्का म्हटलं तो कुठून आला? ‘दर १५० रुपयांमागे २ पॉइंट’ हे वाचताना दीड टक्क्याच्या जवळपास काहीतरी वाटतं. पण एक पॉइंट म्हणजे एक रुपया नव्हे. तोच पॉइंट विमानाच्या तिकिटासाठी वापरला तर ५० पैशांचा आणि बिलातून वजा करून घेतला तर २० पैशांचा, अशी पद्धत आहे. २० पैशांच्या हिशेबाने १५० रुपयांमागे ४० पैसे, म्हणजे पाव टक्क्याच्या किंचित वर. त्यात आणखी कात्री लागते ती टप्प्यांची. १४० रुपयांच्या भाजीवर शून्य पॉइंट. २९० रुपयांच्या औषधांवर एकाच टप्प्याचे दोन, वरचे १४० रुपये वाया. मोठ्या खरेदीत हे जाणवत नाही. रोजच्या, फुटकळ खर्चात, म्हणजे नेमकं आपण बोलतोय त्या खर्चात, यातच सगळं गळून जातं. शिवाय काही बँका पॉइंट वापरायला प्रत्येक वेळी ९९ रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी घेतात, म्हणजे ११७ रुपये. पॉइंटांना मुदतही असते. विमानाने वर्षातून चारदा जाणाऱ्याने पॉइंट साठवावेत. ज्याचा प्रवास शिवशाहीने होतो, त्याने थेट रुपयांत कॅशबॅक घ्यावा.

फीचा हिशेब तसा सोपा, पण त्यात एक सापळा आहे. ४९९ रुपयांच्या फीवर जीएसटी धरून ५८९ रुपये होतात. फुकटच्या एक टक्का कार्डाऐवजी हे दीड टक्क्याचं घेतलं, तर जादा मिळणाऱ्या अर्ध्या टक्क्यातून ५८९ वसूल व्हायला वर्षाला सुमारे १,१७,८०० रुपयांचा ‘उरलेला’ खर्च लागतो. वरच्या घराचा तो २,६४,००० होतो, म्हणजे कार्ड परवडतं. बऱ्याच कार्डांवर वर्षाला दोन लाख खर्च केले की फी माफ होते. सापळा इथे आहे. वर्ष संपायला पंधरा दिवस राहिलेले असतात, एक लाख ८५ हजार झालेले असतात आणि ५८९ रुपये वाचवण्यासाठी माणूस पंधरा हजारांचा मिक्सर आणि सूटकेस घेऊन येतो. माफीसाठीच्या खर्चात कोणते रकाने धरले जातात तेही बघावं लागतं. भाडं आणि वॉलेट तिथूनही वगळलेले असतात.

रोजच्या खर्चाचं निम्मं मैदान गेल्या काही वर्षांत यूपीआयने खाल्लं. चहा, भाजी, इस्त्री, रिक्षा, सगळीकडे क्यूआर. साध्या यूपीआयवर जानेवारी २०२० पासून दुकानदाराकडून एमडीआर घेतलाच जात नाही, त्यामुळे रिवॉर्डसाठी पैसाच तयार होत नाही. ॲपवाली स्क्रॅच कार्डं सुरुवातीला रुपये द्यायची, आता बहुधा मुदत संपत आलेली कूपनं देतात. मग जून २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडायला परवानगी दिली आणि सप्टेंबरमध्ये ते सुरू झालं. म्हणजे मशीन नसलेल्या दुकानातही क्यूआर स्कॅन करून क्रेडिट कार्डाने पैसे देता येतात. आपल्या विषयाच्या दृष्टीने हा भारतातला सर्वांत मोठा बदल, कारण ‘उरलेला’ खर्च जिथे होतो ती दुकानं पहिल्यांदाच कार्डाच्या टप्प्यात आली.

मेख अशी की क्यूआर धंद्याच्या नावावरचा हवा. दुकानदाराने स्वतःच्या बचत खात्याचा क्यूआर लावला असेल, तर ॲप क्रेडिट कार्ड स्वीकारत नाही, कारण माणसाकडून माणसाला उधारीच्या पैशांतून रक्कम पाठवायला परवानगी नाही. तीन दुकानांच्या रांगेत पहिल्याकडे साउंडबॉक्स बोलतो आणि कार्ड चालतं, दुसऱ्याकडे भिंतीवरच्या लॅमिनेट केलेल्या कागदावर पुतण्याचं नाव येतं आणि चालत नाही. तिसरा सांगतो, ‘क्रेडिटवालं नको, अकाउंटवरून करा.’ त्याचंही चूक नाही. छोट्या दुकानदाराला दोन हजारांपर्यंतच्या अशा व्यवहारावर एमडीआर लागत नाही, पण त्यापुढे लागतो, आणि आपण कुठल्या गटात आहोत हे त्याला स्वतःलाच नक्की माहीत नसतं. दोन हजारांखालच्या त्या व्यवहारांत बँकेला काही मिळत नाही, म्हणून काही कार्डं यूपीआयवरच्या खर्चाला कमी दर देतात किंवा महिन्याची मर्यादा घालतात. रुपे कार्ड घेताना ‘इतर सर्व’ची ओळ दोनदा वाचावी: एकदा स्वाइपसाठी, एकदा यूपीआयसाठी. दोन्ही दर सारखे असतीलच असं नाही.

मोठ्या खरेदीला निराळं गणित लागतं. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर भाव ठरवून झाल्यावर दुकानदार शेवटी म्हणतो, ‘कार्डाने देणार असाल तर दोन टक्के वर.’ बँकेशी केलेल्या करारात असा आकार लावायची मुभा सहसा नसते. पण तो उलट्या बाजूने बोलतो: ‘कॅश दिलीत तर कमी करतो.’ दीड टक्का मिळवण्यासाठी दोन टक्के देणं म्हणजे तोटा, एवढं उघड आहे. तिथे यूपीआयने खात्यातून पैसे द्यावेत आणि रिवॉर्ड विसरावं. अपवाद एकच, वस्तू बिघडण्याची किंवा माल न मिळण्याची भीती असेल तर. तेव्हा कार्डावरचा व्यवहार वादात नेता येतो.

ही कापलेली रक्कम दुकानदार शेवटी भावातच घालतो, आणि तो भाव रोखीने देणाऱ्यालाही पडतो. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये अमेरिकेचा असा हिशेब मांडला होता. रोखीने व्यवहार करणारं सरासरी घर वर्षाला १४९ डॉलर कार्डवाल्यांच्या घरात पोचवतं आणि कार्ड वापरणारं घर १,१३३ डॉलर मिळवतं, असा त्यांचा निष्कर्ष. आपला दीड टक्का अगदीच आकाशातून पडत नाही. भारतात फुकट यूपीआयमुळे चित्र बरंच सौम्य आहे, पण तपकीर गल्लीतल्या त्या दुकानदाराची कुरकुर याच हिशेबातून येते.

व्याजाबद्दल थोडक्यात, कारण त्यात वाद नाही. बिल पूर्ण भरत नसाल तर वरचं सगळं सोडून द्या. महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं, तर ४०,००० रुपये एक महिना थकले की १,४०० रुपये व्याज आणि २५२ रुपये जीएसटी. शिवाय थकबाकी असताना नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. दीड टक्क्याच्या कार्डाने तेवढ्याच खर्चावर दिलेले असतात ६००. ‘मिनिमम ड्यू’ भरला म्हणजे भागलं, असं समजणारे अजूनही पुष्कळ भेटतात. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डाच्या व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो आदेश रद्द केला, तेव्हा तिथूनही आता आधार नाही.

माझ्या मते बहुतेक घरांना दोन कार्डं पुरतात. जिथे सर्वांत जास्त ऑनलाइन खरेदी होते तिथलं एक, आणि दुकानांत व यूपीआयवर सरसकट देणारं दुसरं, शक्यतो रुपे. दुसरं निवडताना गेल्या तीन महिन्यांची स्टेटमेंटं काढून प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलीने बोनस, वगळलेलं किंवा उरलेलं लिहावं. दवाखाना, क्लासची फी असल्या मोठ्या बिलाचा कोड काय असेल अशी शंका असली, तर आधी तिथे शंभर-दोनशे रुपये त्या कार्डाने भरून पुढच्या स्टेटमेंटमध्ये कॅशबॅक आला का ते बघता येतं. आणि घरात जुनं, फी घेणारं कार्ड पडून असेल, तर ते बंद करायला बँक टाळाटाळ करते म्हणून ठेवू नये. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार थकबाकी नसेल तर अर्ज केल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं, नाहीतर बँकेने दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे. अर्ज करण्याआधी साठलेले पॉइंट तेवढे वापरून टाकावेत. कार्ड बंद झाल्यावर ते सहसा बुडतात.